वाक्यातला हरवलेला कर्ता : कचेरीची कार्यप्रक्रिया आणि यंत्राचे भाषाज्ञान



ज्या नगरात नरहर कुरुंदकरांनी वर्गात आणि वर्गाबाहेर, व्यासपीठावर आणि मित्रांच्या बैठकीत, कोणताही प्रश्न मुळापर्यंत नेल्यावाचून सोडावयाचा नाही हा संस्कार एका पिढीवर केला, त्या नांदेडात स्मृतिव्याख्यान देण्यासाठी उभे राहणाऱ्यावर एक जबाबदारी आपोआप येते. विषय कितीही नवा असो, तो ऐकणाऱ्यांच्या नित्य व्यवहाराशी जोडून दाखविला पाहिजे, आणि जोडताना त्याचे काठिण्य लपविता कामा नये. यंत्राला माणसाची भाषा उमगावी यासाठी गेल्या काही दशकांत जे शास्त्र उभे राहिले, ज्याला नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग म्हणतात आणि ज्याला मी आज भाषासंस्करण म्हणणार आहे, त्याचा उपयोग संस्थांच्या व कचेऱ्यांच्या कार्यप्रक्रिया रेखाटण्यासाठी कसा करता येईल, आणि मराठवाड्यातील सामान्य माणसाला त्याचा काय लाभ, हा आजचा विषय आहे.

कार्यप्रक्रिया म्हणजे काय? लातूरच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनची गाडी येते. आवक नोंदली जाते, माल आडत्याच्या दुकानापुढे उतरतो, ढिगाचा सौदा होतो, मापाडी वजन करतो, हमाल पोती हलवितात, हिशोबपट्टी तयार होते, आणि खरेदीदाराचा पैसा आडत्याच्या हातून शेतकऱ्याच्या हाती पडतो. या व्यवहारात कोण कोण आहेत, कोण काय करतो, कशानंतर काय होते, ओलावा जास्त निघाला किंवा पुकारलेला भाव शेतकऱ्याला मान्य झाला नाही तर वाट कोठे फुटते, ही सारी माहिती वर्तुळे, चौकटी आणि बाण यांच्या साहाय्याने एका कागदावर मांडली, म्हणजे त्या प्रक्रियेचा आराखडा झाला. अशा आराखड्यांची एक आंतरराष्ट्रीय चिन्हलिपी आहे. बीपीएमएन या नावाने तिची पहिली आवृत्ती 2004 साली निघाली, दुसरी 2011 साली, आणि 2013 साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कामासाठी गोलसर कोपऱ्यांची चौकट, वाट फुटते तेथे टोकावर उभा केलेला चौकोन, आरंभासाठी व शेवटासाठी वर्तुळ, आणि प्रत्येक कार्यकर्त्यासाठी स्वतंत्र पट्टा, एवढ्या सामग्रीवर बँकेचे कर्ज-प्रकरण जसे मांडता येते तसाच तहसिलीतला अर्जही मांडता येतो.

परंतु हा आराखडा काढावयाचा कोणी? आजवर तो जाणकार माणसे काढीत आली. ती कचेरीत बसतात, नियम वाचतात, कर्मचाऱ्यांना विचारतात, आणि मग रेघा ओढतात. चालू स्थितीचा आराखडा मिळविण्यातच अशा प्रकल्पांच्या वेळेपैकी 60 टक्क्यांपर्यंत वेळ खर्ची पडतो, असे या क्षेत्रातील अभ्यासकांनी नमूद केले आहे. हा वेळ कोठे जातो? तो वाचण्यात जातो, आणि वाचलेल्याचा नेमका अर्थ ठरविण्यात जातो. म्हणूनच भाषा वाचणारे यंत्र येथे उपयोगी पडेल अशी कल्पना पुढे आली.

माझा पहिला मुद्दा असा की, आपल्याकडे प्रक्रिया ही आराखड्यात राहत नाही. ती वाक्यांत राहते.

माहितीचा अधिकार अधिनियम 2005 साली झाला. त्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, काही माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे, आणि त्या माहितीत निर्णय घेताना अनुसरावयाची कार्यपद्धती, देखरेखीची व उत्तरदायित्वाची साखळी यांसह, स्पष्टपणे समाविष्ट आहे. म्हणजे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील प्रत्येक कचेरीने आपली प्रक्रिया लिहून ठेवावी ही कायद्याचीच आज्ञा आहे. शासन निर्णय मराठीत निघतात, संगणक संकेतांकासह संकेतस्थळावर ठेवले जातात. नागरिकांची सनद भिंतीवर लागते. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार सेवांच्या मुदती आणि अपिलांचे अधिकारी जाहीर होतात. मजकुराचे दारिद्र्य आपल्याला नाही. दारिद्र्य आहे ते त्या मजकुरातून चालत जाण्याच्या वाटेचे.

एकच उदाहरण घेऊ, पण ते पुरते घेऊ. कंधार किंवा औसा तालुक्यातील एक शेतकरी निवर्तला आणि त्याची जमीन वारसांच्या नावे व्हावयाची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 149 प्रमाणे हक्क प्राप्त झाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावयाची. कलम 150 प्रमाणे तलाठ्याने ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, घ्यावयाची. नोंदीची प्रत चावडीत लावावयाची. हितसंबंधितांना लेखी कळवावयाचे. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, नमुना 6-अ मध्ये, उतरवावयाची आणि तिचा निवाडा अव्वल कारकुनाहून कमी दर्जाच्या नसलेल्या महसूल अधिकाऱ्याने करावयाचा. हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची. आणि त्यानंतरच सातबाऱ्यावरचे नाव बदलावयाचे. वारसाच्या प्रकरणी नमुना 6-क ही वारस नोंदवही आणखी मध्ये येते. आता विचार करा, या एका परिच्छेदात वारस, तलाठी, हितसंबंधी, हरकतदार, मंडळ अधिकारी आणि निवाडा देणारा अधिकारी अशी किती माणसे आहेत? कामे किती? मुदती किती? आणि वाट फुटण्याची जागा नेमकी कोणती? फेरफाराच्या कामांत मुरलेल्या अव्वल कारकुनाला हे मुखोद्गत असते. जी विधवा आयुष्यात पहिल्यांदाच चावडीची पायरी चढली आहे तिला ते कसे कळावे?

आपल्या भागात या वाक्यांना एक इतिहासही आहे. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दरबाराची भाषा फारसी होती, पुढे उर्दू झाली. 1317 फसलीचा हैदराबाद जमीन महसूल अधिनियम, 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, जुन्या मुंतखबा, खासरा पाहणीपत्रके, हे सारे आपल्या तालुक्यांच्या अभिलेखागारांत आजही उघडावे लागते. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने कारभार मराठीत आणण्याचा पाया घातला. त्यामुळे मिसल, रुजवात, फेरफार, दाखल-खारीज हे शब्द आणि प्राधिकृत, विहित, अधिसूचना हे शब्द एकाच टिपणीत शेजारी शेजारी नांदतात. शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करून घेतला तेव्हापासून राज्यकारभाराची भाषा हा मराठी माणसाच्या आस्थेचा विषय आहे. ती आस्था शब्दांपाशी थांबली. वाक्यांच्या रचनेपर्यंत, आणि वाक्यांतून उमटणाऱ्या कार्यक्रमापर्यंत, तिला आता जावे लागेल.

माझा दुसरा मुद्दा यंत्र वाक्य कसे वाचते याविषयी आहे.

2011 साली जर्मनीतील फाबियान फ्रिडरिख, यान मेंडलिंग आणि फ्रांक पुलमान यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रक्रियेचे वर्णन करणारा इंग्रजी मजकूर यंत्राला द्यावयाचा, आणि यंत्राने त्यातून आराखडा काढावयाचा. त्यांनी असे 47 मजकूर आणि माणसांनी काढलेले त्यांचे आराखडे गोळा केले आणि यंत्राची रेखाटने त्यांच्याशी ताडून पाहिली. सरासरी सुमारे 77 टक्के मेळ बसला. त्यांची रीत थोडक्यात सांगतो. वाक्यातले क्रियापद शोधावयाचे, त्याची चौकट होते. कर्ता शोधावयाचा, त्याचा पट्टा होतो. जर, अन्यथा, तोपर्यंत या अर्थाच्या शब्दांवरून वाटांचे फाटे ओळखावयाचे. आणि 'तो', 'ते', 'हा' या अर्थाची सर्वनामे कोणाकडे निर्देश करतात हे ठरवावयाचे. यापैकी शेवटचे काम सर्वांत अवघड आहे.

मराठीत हे सारे करावयाचे तर अडचणी वेगळ्या आहेत आणि सोयीही वेगळ्या आहेत. सोय अशी की आपली भाषा शब्दाला प्रत्यय जोडून त्याची वाक्यातली भूमिका उघड करते. 'तलाठ्याने', 'तलाठ्याकडे', 'तलाठ्यामार्फत' या तीन रूपांत तीन नाती आहेत आणि ती शब्दांच्या क्रमावर अवलंबून नाहीत. दुसरी सोय अशी की 'अर्ज स्वीकारून, पावती देऊन, नोंदवहीत नोंद घेऊन' या ऊनान्त रूपांच्या माळेत कामांचा क्रम व्याकरणानेच ओवलेला असतो. अडचण अशी की हेच प्रत्यय कधी दोन तोंडांनी बोलतात. 'अर्जदाराकडून शुल्क घ्यावे' आणि 'तलाठ्याकडून नोंद घेतली जावी' या वाक्यांत प्रत्यय एकच आहे. पहिल्यात पैसा अर्जदारापासून येतो, दुसऱ्यात काम तलाठी करतो. माणसाला हा भेद क्षणात कळतो, कारण त्याला कचेरी ठाऊक असते. यंत्राला कचेरी ठाऊक नसते.

येथे मला एका गोष्टीचा अभिमानाने उल्लेख करावासा वाटतो. क्रियेशी असलेल्या नात्यांची सहा कारकांत केलेली पाणिनीची व्यवस्था, कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण, ही भारतीय भाषांच्या यंत्र-वाचनाला आजही पायाभूत ठरली आहे. अक्षर भारती, विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांचा भाषासंस्करणाकडे पाणिनीय दृष्टीने पाहणारा ग्रंथ 1995 साली निघाला, आणि हैदराबादच्या आयआयआयटीमध्ये त्या दृष्टीने भारतीय भाषांतील वाक्यांची विश्लेषणे तयार झाली. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दजाल, म्हणजे वर्डनेट, सिद्ध झाले. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने मराठीसाठी महाबर्ट हे भाषा-प्रतिमान, म्हणजे लँग्वेज मॉडेल, आणि मोठा मराठी मजकूर-संग्रह खुला केला. 2022 साली केंद्र शासनाने भाषिणी हा उपक्रम आरंभिला. ही तयारी मोठी आहे. परंतु प्रक्रियेचा मजकूर आणि त्याचा जाणत्या माणसाने काढलेला आराखडा अशा जोड्यांचा, खुला, मराठवाड्याच्या महसुली भाषेत मुरलेला संग्रह आपण स्वतः केल्याशिवाय ती तयारी चावडीपर्यंत पोहोचणार नाही.

तिसरा मुद्दा. यंत्रापुढे आज जे प्रश्न आहेत ते आपल्या शास्त्रकारांपुढे होते काय? होते, श्रोतेहो, आणि आश्चर्य वाटावे इतक्या नेमक्या रूपात होते.

पूर्वमीमांसा हे विधिवाक्यांचे शास्त्र आहे. वेदात यज्ञाच्या कृती वाक्यांनी सांगितल्या आहेत. त्या वाक्यांवरून यज्ञ प्रत्यक्ष कसा करावयाचा हे ठरविणे हे मीमांसकांचे काम. म्हणजे मजकुरातून प्रक्रिया काढणे! त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो क्रमाचा. कोणती कृती आधी आणि कोणती नंतर, हे कशावरून ठरवावे? त्यांनी सहा प्रमाणे मानली: श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती. आणि त्यांनी स्पष्ट सांगितले की वाक्ये ज्या क्रमाने लिहिली आहेत तो पाठक्रम, कार्याच्या प्रयोजनाने ठरणाऱ्या अर्थक्रमापुढे दुबळा आहे. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे की मजकुरात अग्निहोत्राची आहुती आधी सांगितली आहे आणि यवागू, म्हणजे पेज, शिजविणे नंतर. पण आहुती त्या यवागूचीच द्यावयाची असल्याने शिजविणे आधी आलेच पाहिजे. आजच्या शासन निर्णयात लाभाचे वाटप चौथ्या परिच्छेदात असते आणि पात्रतेची पडताळणी सातव्यात. यंत्र पाठक्रमाने चालले तर आधी पैसे वाटील आणि मग पात्रता पाहील. अर्थक्रम त्याला शिकवावा लागतो.

मीमांसकांचा दुसरा भेद विकल्प आणि समुच्चय यांचा. दोहोंपैकी एक, की दोन्ही? प्रक्रियेच्या आराखड्यात वाट फुटण्याच्या खुणा मुख्यतः याच दोन. आणि हा भेद पुस्तकी नाही. अर्जाबरोबर जोडावयाच्या कागदपत्रांची यादी पाहा: शिधापत्रिका, आधारपत्र, वीजदेयक, घरपट्टीची पावती. मध्ये नुसते स्वल्पविराम. यांपैकी कोणतेही एक पुरते, की चारही लागतात? मजकूर मौन पाळतो, आणि त्या मौनाचा अर्थ खिडकीपलीकडचा माणूस लावतो. मुखेडच्या एखाद्या तांड्यावरून पहाटे निघालेल्या माणसाचा त्या दिवसाचा रोजगार त्या स्वल्पविरामावर बुडतो. ज्या शास्त्राने हा भेद शेकडो वर्षांपूर्वी नाव देऊन बाजूला काढला, त्याच्या वारसांनी आपल्या अर्जांत तो अस्पष्ट ठेवावा, हे मला फार लागते.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. हे कर्म करण्याचा अधिकार कोणाचा आणि त्याचे फळ कोणाला? येथे मी माझ्या मुख्य प्रतिपादनाशी येतो.

माझा चौथा मुद्दा असा की मराठी कारभाराच्या वाक्यातून कर्ता हरवला आहे, आणि भाषासंस्करणाचे आपल्याकडील सर्वांत मोठे कार्य तो शोधण्याचे आहे.

'प्रकरणाची छाननी करण्यात येऊन योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.' असे वाक्य आपण सर्वांनी वाचले आहे. छाननी कोणी करावी? योग्य काय हे कोणी ठरवावे? केव्हापर्यंत? आणि केली नाही तर पुढे काय? व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे; कर्मणी रचनेत कर्ता सांगितलाच पाहिजे असा नियम नाही. कारभाराच्या दृष्टीने मात्र हे वाक्य कोणालाच बांधीत नाही. यथावकाश, आवश्यकतेनुसार, सक्षम प्राधिकारी, विहित मुदतीत, असे शब्द मूळ मसुदेकाराने सर्व परिस्थितींना जागा राहावी या सद्हेतूने वापरले असतील. पण प्रत्येक पातळीवर तीच जागा मोकळी राहिली म्हणजे शेवटी खिडकीपुढचा माणूस आणि मोकळी जागा एवढेच उरतात. कौटिल्याने राजशासनाच्या लेखनाचे गुण सांगताना अर्थक्रम, परिपूर्णता आणि स्पष्टत्व यांची गणना केली आहे. परिपूर्णता या एका कसोटीवर आपले किती आदेश उतरतील?

आराखडा काढू लागताच ही उणीव झाकता येत नाही, आणि म्हणून मला या शास्त्राचे महत्त्व वाटते. वाक्याला कर्त्यावाचून चालते. पट्टे आखलेल्या आराखड्यात मात्र प्रत्येक चौकट कोणाच्या तरी पट्ट्यात ठेवावीच लागते. वाक्यात 'हरकत आल्यास' एवढे म्हणून पुढे जाता येते. आराखड्यात हरकत न आल्याचा बाणही काढावा लागतो. मजकूर वाचून यंत्र जेथे चौकट ठेवण्यास पट्टा सापडत नाही तेथे थांबले, आणि 'हे काम कोणाचे?' एवढे विचारू लागले, तर त्या एका प्रश्नाची किंमत फार मोठी आहे.

पण ते थांबेल काय? 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांपुढे आले तेव्हापासून मोठ्या भाषा-प्रतिमानांचे युग सुरू झाले. पूर्वीच्या अनेक यंत्रांना नियम एकेक करून शिकवावे लागत. ही नवी प्रतिमाने प्रचंड मजकुरावर पोसलेली असल्याने परिच्छेद दिला की काही क्षणांत आराखडा काढून देतात. त्यांचे सामर्थ्य मी कमी लेखीत नाही. परंतु त्यांचा एक स्वभावधर्म आहे: मजकुरात जेथे रिकामी जागा असते तेथे ती संभवनीय वाटणारे काहीतरी भरून टाकतात. फेरफाराच्या मजकुरात एखादा टप्पा सांगितलेला नसेल तर दुसऱ्या राज्याच्या पद्धतीतला टप्पा तेथे आणून बसविणे त्यांना अशक्य नाही, आणि चित्र मात्र सुबक, सुसंगत, विश्वसनीय दिसते. मग ज्या उणिवेवर बोट ठेवावयाचे तीच उणीव रंगवून झाकली जाते. म्हणून माझा आग्रह असा आहे: कारभाराच्या प्रक्रियेत यंत्राने रिकामी जागा भरू नये, दाखवावी. ज्या चौकटीला मजकुरातील वाक्याचा आधार आहे ती एका रंगात, ज्या चौकटीचा यंत्राने तर्क केला आहे ती दुसऱ्या रंगात, आणि जेथे काहीच आधार नाही तेथे उघडे प्रश्नचिन्ह. तर्क करण्यास हरकत नाही; तर्काला आदेशाचे कपडे घालण्यास हरकत आहे.

माझा पाचवा आणि शेवटचा मुद्दा उलट्या वाटेचा आहे. मजकुरातून आराखडा काढणे ही अर्धी यात्रा झाली. आराखड्यातून पुन्हा माणसाच्या बोलीत येणे ही उरलेली अर्धी.

हेन्रिक लिओपोल्ड, मेंडलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी आराखड्यावरून साधा वाचनीय मजकूर निर्माण करणाऱ्या पद्धती सिद्ध केल्या, त्या मुळात एका व्यावहारिक अडचणीतून: प्रक्रिया ज्यांच्या अंगवळणी असते त्यांना चिन्हलिपी वाचता येत नाही, आणि ज्यांना चिन्हलिपी येते त्यांना प्रक्रिया ठाऊक नसते. मग आराखडा बरोबर आहे की नाही हे कोण तपासणार? आराखडाच त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखविला पाहिजे.

पीकविम्याचे उदाहरण घ्या. अतिवृष्टीने किंवा पुराने शेतात पाणी साचले, तर स्थानिक आपत्तीची सूचना शेतकऱ्याने 72 तासांच्या आत द्यावयाची, असा नियम राज्यात 2025 च्या खरिपापूर्वी होता. ही मुदत आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्याला पाठ होती. परंतु सूचना मिळाल्यावर पुढे सर्वेक्षक नेमणे, पाहणी करणे, नुकसानीचा अंदाज ठरविणे, या कामांनाही मार्गदर्शक सूचनांत मुदती होत्या. त्या कोणाला पाठ होत्या? एकाच प्रक्रियेतला शेतकऱ्याचा पट्टा त्याच्या कानी पडतो आणि इतरांचे पट्टे कागदात राहतात. आराखडा एकदा नीट झाला की यंत्र प्रत्येकाला त्याच्या जागेवरून तो वाचून दाखवू शकते: आपण हे केले, आता हे काम अमक्याचे, त्याला इतके दिवस, ते न झाल्यास आपण येथे जावे. हे वाचन मोबाइलवरून आवाजात होऊ शकते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूच्या आणि उदगीर-देवणीकडे कन्नडच्या शेजाराने घडलेल्या बोलीच्या माणसाला, लमाणी बोलणाऱ्या तांड्याला, दखनी बोलणाऱ्या मोहल्ल्याला ते आपापल्या वाणीत ऐकू येऊ शकते. तेथवर पोहोचण्यास श्रम लागतील. पण वाट शास्त्राने दाखविलेली आहे.

आणि हे काम आपल्या भूमीवर माणसांनी एकदा करून दाखविले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला गेला त्यात 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली, काही गावे होती तेथेच उभारावयाची ठरली, आणि लक्षावधी घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या साहाय्यातून करावयाचे ठरले. हप्ता केव्हा, तपासणी कोण करणार, भिंतीला काय केले म्हणजे पुढचा हप्ता मिळणार, हे शासकीय मजकुरातून घराघरापर्यंत न्यावे कसे? त्यासाठी 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या सहभागाने गावोगावच्या स्त्रियांना संवाद सहायक म्हणून पुढे आणण्यात आले. त्या स्त्रियांनी प्रक्रिया आपल्या शेजारणीला तिच्या भाषेत सांगितली, तिची शंका कचेरीपर्यंत नेली, आणि कचेरीचे उत्तर परत आणले. आज आपण यंत्राकडून जे मागतो आहोत त्याचा आदर्श हा आहे. सांगणे, शंका ऐकणे, शंका मूळ ठिकाणी नेणे. जे यंत्र केवळ सांगते आणि शंका परत नेत नाही, त्याने अर्धेच काम केले.

आता समारोपाकडे वळताना, पुढे काय करावे हे सांगितल्यावाचून उतरणे योग्य होणार नाही.

1994 साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ येथे आहे. 1981 पासून विष्णुपुरीस श्री गुरू गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. लातुरात विद्यार्थ्यांची प्रचंड बुद्धिशक्ती दरवर्षी स्पर्धापरीक्षांच्या तयारीत एकवटते. या सर्वांना एकत्र आणणारे एक काम मी सुचवितो. माहिती अधिकाराच्या चौथ्या कलमाखाली कचेऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या कार्यपद्धती, सनदा आणि शासन निर्णय यांतून लोकांना वारंवार लागणाऱ्या सेवा निवडाव्यात. मराठीच्या आणि विधीच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक वाक्यातील कर्ता, कर्म, मुदत, अट हाताने चिन्हांकित करावी. सेवानिवृत्त अव्वल कारकून, मंडळ अधिकारी, भूमी अभिलेखाचे जाणकार यांना गुरुस्थानी बसवून कागदावरील रीत आणि प्रत्यक्षातील रीत यांतील अंतर त्यांच्याकडून नोंदवून घ्यावे. हे ज्ञान त्यांच्याबरोबर नाहीसे होत आहे आणि कोणतेही यंत्र ते पुन्हा निर्माण करू शकणार नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्यावर यंत्र शिकवावे. हा संग्रह खुला असावा, आणि त्यात कोणाही खातेदाराचे नाव, गट क्रमांक अथवा कौटुंबिक तपशील येऊ नयेत. आपल्याला प्रक्रिया हवी आहे, माणसांची खासगी दप्तरे नकोत.

या संग्रहाने शिकलेले यंत्र नागरिकापर्यंत पोहोचण्यापूर्वी मसुदेकाराच्या मेजावर पोहोचावे, अशी माझी इच्छा आहे. आदेश निघाल्यावर त्यातील उणीव दाखविण्यापेक्षा सही होण्यापूर्वी ती दाखविणे अधिक हिताचे. यंत्राने मसुदा वाचावा आणि अधिकाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी करावयाचे? केव्हापर्यंत? आणि न झाल्यास काय? लोकसेवा हक्काच्या कायद्यात चुकणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे; पण ज्या वाक्यात कोणाचे नाव नाही त्या वाक्याचा दंड कोणाला करावयाचा? उत्तरदायित्व हे न्यायासनापुढे सिद्ध होण्यापूर्वी व्याकरणात सिद्ध झालेले असावे लागते.

आणि या तीन प्रश्नांची उत्तरे यंत्राने द्यावयाची नाहीत. ती ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानेच द्यावयाची, स्वतःच्या पदनामासह, मराठीत, आदेशातच. भाषेच्या यंत्राने आपल्या राज्यकारभाराला एवढे एक वळण लावले, तर त्या विद्येचा मराठवाड्याला खरा उपयोग झाला असे मी म्हणेन. आणि ते वळण लावण्याचा आरंभ नांदेड-लातुरातून व्हावा, अशी या सभेला माझी आग्रहाची विनंती आहे.